परिसंस्था शिकवताना या चुका टाळा: साखळी पाठ होते, नातं कळत नाही

गवत, नाकतोडा, बेडूक, साप, ससाणा. सहावी ते आठवीच्या कुठल्याही वर्गात विचारा, ही साखळी मुलं घडाघडा म्हणून दाखवतात. मग विचारा, "बेडूक नाहीसे झाले तर गवताचं काय होईल?" वर्ग गप्प. थोड्या वेळाने कोणीतरी म्हणतं, "साप उपाशी मरतील." उत्तर चूक नाही, पण ते एका पायरीवर थांबलं. नाकतोडे वाढतील, गवताचा फडशा पडेल आणि बेडकाशी कधी गाठ न पडलेल्या सशालाही त्याची झळ बसेल, इथवर मूल पोचलं तर त्याला परस्परावलंबन कळलं. इतकी वर्षं हा धडा शिकवल्यावर मला खात्रीने वाटतं, की मुलं मध्येच थांबतात ती आपण तिथे थांबतो म्हणून.

बाण उलटा पडतो

"बेडूक नाकतोड्याला खातो" हे वाक्य मनात असल्याने मुलं साखळीच्या चित्रातला बाण बेडकापासून नाकतोड्याकडे काढतात. "चुकलं, उलटा कर" म्हणून ही सवय जात नाही. बाण मोठ्याने वाचायला लावा: "नाकतोडा बेडकाच्या पोटात जातो." सूर्यापासून गवताकडे जाणाऱ्या बाणाला मात्र "ऊर्जा जाते" असंच म्हणा.

दोऱ्याचा खेळ अर्ध्यावर सोडू नका

मुलं गोलात बसतात, प्रत्येकाच्या गळ्यात एका सजीवाचं नाव, दोऱ्याचा गुंडा या हातातून त्या हातात जातो आणि जाळं तयार होतं. मग एक मूल दोरा सोडतं आणि सगळ्यांच्या हातातला ताण सैल होतो. खेळ सुंदर आहे, पण बहुतेक जण तो इथेच संपवतात. मुलं घरी काय घेऊन जातात? एक जीव गेला की सगळेच बुडाले, आणि सगळी नाती सारख्याच बळाची. दोन्ही खोटं.

दोरा सुटल्यावर खरा खेळ सुरू करा. प्रत्येकाला विचारा, "तुझी संख्या वाढेल की घटेल? का?" वाढणाऱ्यांनी उभं राहायचं, घटणाऱ्यांनी डोकं खाली घालायचं. मग दुसरी फेरी: उभे राहिलेले वाढले, आता कोणाचं काय होईल? पहिल्या फेरीत उभं असलेलं मूल तिसऱ्या फेरीत डोकं खाली घालतं, तेव्हा वर्गात जी कुजबुज होते, ती ऐकण्यासारखी असते. वाद झाला तर मिटवायची घाई करू नका.

यानंतर अमेरिकन परिसंस्था-अभ्यासक रॉबर्ट पेन यांचा प्रयोग सांगा. 1963 मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर त्यांनी खडकाच्या एका पट्ट्यातून तारामासे काढून टाकायला सुरुवात केली. शेजारचा पट्टा तसाच ठेवला. तारामासे शिंपले खात, त्यामुळे शिंपले वाढले, एवढा अंदाज मुलं करतात. पुढचं त्यांना सुचत नाही: शिंपल्यांनी खडकावरची जागाच बळकावली आणि तिथल्या 15 जातींपैकी 8 उरल्या. तारामासा ज्यांना खातही नव्हता, त्यांनाही जागा गमवावी लागली. नातं फक्त खाण्याचं नसतं. जागेचं, सावलीचं, परागकण वाहण्याचंही असतं, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

ऊर्जा आणि पदार्थ यांची खिचडी

फळ्यावर दोन्हींसाठी एकच गोल काढला की मुलांना वाटतं, ऊर्जाही फिरून परत येते. त्यापेक्षा काचेची चार भांडी मांडा. पहिल्यात एक लीटर पाणी, ते गवत. त्यातलं 100 मिलीलीटर दुसऱ्यात, ते नाकतोडे. त्यातलं 10 तिसऱ्यात, ते बेडूक. शेवटचं 1 मिलीलीटर सापासाठी, ड्रॉपरने. भांड्याच्या तळाशी जेमतेम ओल दिसते आणि ती बघायला मागच्या बाकावरची मुलं उभी राहतात. साप थोडे आणि गवत उदंड का, हे मग वेगळं समजवावं लागत नाही.

इथे एक चूक हमखास होते: उरलेलं पाणी त्याच भांड्यात राहतं आणि मुलांना वाटतं, ऊर्जा गवतातच शिल्लक आहे. ते बादलीत ओता. यातलं काही खाल्लंच गेलं नाही, काही पचलं नाही, ते विघटकांकडे, म्हणजे मेलेलं आणि टाकाऊ कुजवणाऱ्या बुरशी-जीवाणूंकडे गेलं. बाकीचं श्वसनात आणि हालचालीत उष्णता होऊन निघून गेलं. विघटकांकडे गेलेल्याचीही अखेर उष्णताच होते. बादलीतलं पाणी परत पहिल्या भांड्यात ओतायचं नाही, हे निक्षून सांगा. आणि 10 टक्के हा ढोबळ अंदाज आहे, प्रत्येक परिसंस्थेत तो बदलतो, हेही सांगा. नाहीतर मुलं त्याला नियमच समजतात.

परत येतो तो पदार्थ. तो परत आणणारे विघटक, पण तक्त्यात आपण त्यांना साखळीच्या शेवटी एका कोपऱ्यात बसवतो. त्यांचे बाण प्रत्येक सजीवाकडून यायला हवेत. एका बरणीत ओलसर बागेची माती आणि मऊ पान, दुसरीत कोरडी वाळू आणि तसंच पान ठेवा. झाकण सैल असू द्या, दर आठवड्याला फोटो काढा. दुर्गंध आला तर पाणी जास्त झालं आहे आणि हवा कमी पडते आहे. काहीच बदल नसेल तर माती सुकली आहे किंवा पान जाड, मेणचट आहे. बुरशी नाकाजवळ नेऊन कोणी हुंगणार नाही, याची काळजी घ्या.

झाड माती खातं, हा समजही याच घोळातला. सतराव्या शतकातले शास्त्रज्ञ व्हॅन हेल्माँट यांनी सुमारे 90 किलो कोरड्या मातीत विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड जवळपास 75 किलोंनी वाढलं, माती घटली ती 60 ग्रॅमहूनही कमी. 1648 मध्ये हे प्रसिद्ध झालं. सगळं वजन पाण्याचंच, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मुलांना विचारा, त्यांच्या हिशोबात काय राहून गेलं? हवा, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, कोणीतरी सांगेपर्यंत थांबा.

शब्द जपून

"हरणांची संख्या आटोक्यात राहावी म्हणून वाघ त्यांना खातो," असं आपण सहज बोलून जातो. वाघ भूक लागली म्हणून खातो; संख्या आटोक्यात राहणं हा त्याचा परिणाम. हेतू आणि परिणाम यांची अदलाबदल झाली की मुलांना निसर्ग म्हणजे कोणीतरी नीट बसवलेला कारभार वाटू लागतो.

प्रश्नपत्रिकेत व्याख्या कमी, अंदाज जास्त विचारा. एकदा मी विचारलं होतं, "तळ्यातले सगळे डास संपले तर बेडकांचं काय होईल?" एका मुलीने लिहिलं, "सांगता येणार नाही, कारण बेडूक आणखी काय खातात ते प्रश्नात दिलेलं नाही." तिला मी पूर्ण गुण दिले आणि पुढच्या तासाला वर्गासमोर तोच प्रश्न ठेवला: बेडूक आणखी काय काय खातो?