पिकअपची केबिन शांत कशी करावी

नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरून रात्री माळशेज घाटमार्गे वाशीच्या बाजारात जाणाऱ्या चालकाला विचारा. पाठ दुखायच्या आधी डोकं शिणतं, आणि त्याचं मोठं कारण आवाज असतो. पिकअपच्या केबिनला चारी बाजूंनी सपाट पत्रा असतो, मागे रिकामा हौदा दणदणत असतो आणि इंजिन पायांपासून हातभर अंतरावर. हा आवाज बराच कमी करता येतो. त्यासाठी दोन दिवस सवड काढा, घाई करू नका.

आवाज येतो दोन वाटांनी. पत्रा स्वतः थरथरतो, तो एक. फटींमधून आणि भोकांमधून हवेबरोबर येतो, तो दुसरा. पहिल्याला ब्युटाइल रबराची, वरून ॲल्युमिनियम फॉइल असलेली डॅम्पिंग शीट लागते. ती पत्र्याची थरथर शोषून घेते, पण फटीतून येणारा आवाज तिच्याने थांबत नाही. म्हणून शीट आणण्याआधी दारांचं बीडिंग, म्हणजे कडेची रबरी पट्टी, तपासा. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि पट्टी ओढा. सहज निघाली तर त्या जागी रबर दबलेलं आहे, ते बदला. क्लच-ब्रेकच्या पेडलांमागच्या पत्र्यातून वायरी जातात, तिथलं रबर फाटलं असेल तर तेही. एवढ्यानेच फरक जाणवतो.

शीट साधारण २ मिलिमीटर जाडीची घ्या. छपराची गळती थांबवायची डांबरी पट्टी स्वस्त पडते म्हणून वापरू नका. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात बंद केबिन भट्टीसारखी तापते, डांबर मऊ होऊन ओघळतं आणि त्याचा वास महिनोन्‌महिने जात नाही. शिवाय ६ ते १० मिलिमीटरचा क्लोज्ड सेल (पाणी न शोषणारा) फोम, हँड रोलर, कटर, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जाड हातमोजे लागतील. हातमोजे विसरू नका, फॉइलची कड ब्लेडसारखी कापते.

आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. गाडीत एअरबॅग असतील तर दहा मिनिटं थांबा आणि त्यांच्या वायरींच्या पिवळ्या कनेक्टरना हात लावू नका. मग सीट, सीटबेल्टचे खालचे बोल्ट, मॅट आणि प्लॅस्टिकची ट्रिम काढा. प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवा.

मॅटखालचा नमदा दाबून पाहा. पाणी निघालं तर आधी ते कुठून येतं हे शोधा. ओल तशीच ठेवून वर शीट चिकटवली तर पत्रा आतून कुजतो आणि वरून कळतही नाही. गंज घासून काढा, प्रायमर लावा, पुरता वाळू द्या. मग सगळा पत्रा अल्कोहोलने पुसा. तेलाचा अंश राहिला तर शीट उन्हाळ्यात सुटते.

आता पत्रा बोटांच्या पेरांनी ठोकत जा. ‘ठण्ण’ असा लांबणारा आवाज आला तिथे खडूने खूण करा. ‘ठप्प’ आला ती जागा सोडा. सगळा पत्रा मढवायची गरज नसते. सपाट भागाच्या मध्यावर, पाव ते तिसरा हिस्सा झाकला तरी थरथर बहुतेक मरते. माझा आग्रह इथेच आहे: शीटचं वजन चौरस मीटरला तीनेक किलो भरतं, आणि मालवाहू गाडीत उगाच वजन कशाला वाढवायचं?

सुरुवात सीटमागच्या भिंतीपासून करा. पिकअपमध्ये सर्वांत जास्त घुमणारा पत्रा तोच. शीटचे वहीच्या पानाएवढे तुकडे कापा, मागचा कागद थोडा थोडा सोलत लावा आणि मध्यापासून कडेकडे रोलर फिरवा. फॉइलवरची नक्षी सपाट होईपर्यंत जोर द्या. आत हवा राहिली तर तिथे काम होत नाही. थंडीत शीट कडक वाटली तर हेअर ड्रायरने कोमट करून घ्या. मागच्या भिंतीत हवा बाहेर जाण्याची झडप असेल तर ती उघडीच ठेवा, नाहीतर दारं लावायला जोर लागेल आणि काचांवर वाफ धरेल.

यानंतर इंजिनाकडचा पत्रा आणि पायांखालचा फ्लोअर. बोल्टची भोकं, रबरी बुचं आणि वायरिंग झाकू नका. दाराच्या आतून बाहेरच्या पत्र्याला एक-दोन तुकडे पुरतात, मात्र काच खाली-वर करून पाहा, ती घासता कामा नये. दाराच्या तळाची पाणी निघायची भोकं बुजवू नका; एका पावसाळ्यात दार गंजेल. छताला लहान तुकडे लावून रोलर दुप्पट फिरवा. पावसाचा ताशा तिथेच थांबतो.

शीटवर फोम अंथरा, पण सीटच्या बोल्टखाली अजिबात नको. तिथे लोखंडाला लोखंडच भिडलं पाहिजे. सीट आणि सीटबेल्टचे बोल्ट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने, म्हणजे तेवढ्याच मोजक्या जोराने, आवळा. टॉर्क पाना नसेल तर एवढं काम गॅरेजमध्ये करून घ्या, इथे अंदाज चालत नाही.

मग त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने गाडी नेऊन पाहा. मोठा आवाज बसला की आधी न जाणवलेली खडखड ऐकू येऊ लागते: सीटमागचा जॅक, सैल क्लिप, डॅशबोर्डच्या खणातली चिल्लर. जॅकला जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा आणि क्लिपा नव्या टाका.