म्हापशाचा शुक्रवारचा बाजार

गोव्यातल्या म्हापशाला शुक्रवारी सकाळी आठच्या आत पोचा. उन्हं चढली की गर्दीही चढते आणि भावही. गोणपाट पसरून जमिनीवर बसलेल्या बायांकडे आधी वळा, परसातला माल बहुधा तिथंच मिळतो. पावसाळ्यात सात शिरांची भेंडी घ्या: लांबलचक, फिकट हिरवी. शेंडा कट्‌कन मोडला तर कोवळी. (एकच मोडा, नाहीतर बाई ओरडेल, आणि बरोबरच आहे तिचं.) तांबडी भाजी (लाल माठ) मुळासकटची बरी, संध्याकाळपर्यंत टिकते. मयडे गावची जाडजूड केळी हलव्यासाठी. साल काळपट दिसली तरी घाबरू नका. हरमल गावची मिरची मात्र मे महिन्यातच, पावसाआधी, वर्षाची भरून ठेवायची. घासाघीस मी जुडीमागे पाच रुपयांसाठी करत नाही. ‘मावशी, वर दोन मिरच्या घाल गो’ एवढं म्हटलं की पुरतं.