नकाशात मुंबई तिळाएवढी

पत्रकारितेचा कोर्स करून ग्राफिक्स डेस्कवर आलेली पोरं पहिल्याच दिवशी विचारतात, "कोडिंग यावं लागतं का?" थोडं आलं तर बरंच. डेटारॅपर, फ्लरिश वगैरे आलेख-नकाशे काढायची ऑनलाइन साधनं आठवडाभरात हाताला बसतात. पण आपल्या चित्रात वाचकाला नक्की काय दिसेल, हे ओळखायला मला फार वेळ लागला.

नोव्हेंबर २०२४, विधानसभेचा निकाल. २८८ मतदारसंघांचा नकाशा विजेत्यांच्या रंगात रंगवला, लिंक टाकली आणि चहाला खाली उतरलो. चहावाल्या मामांपुढे मोबाइल धरला. "काय दिसतंय, मामा?" "सगळं विदर्भानंच ठरवलेलं दिसतंय." मुंबई त्यांना सापडलीच नव्हती. सापडणार कशी? गडचिरोली जिल्हा चौदा हजार चौरस किलोमीटरच्या वर, आमदार ३. मुंबई जेमतेम सहाशे चौरस किलोमीटर, आमदार ३६. मी जागांचा निकाल म्हणून जमीन रंगवून ठेवली होती.

मग प्रत्येक मतदारसंघाला सारखाच षटकोन दिला. मुंबई फुगली, हिशेब जुळला. तासाभरात मेसेज आला, "आमचं अहेरी कुठं गेलं?" ओळखीचा आकार मोडला की माणसाला आपलं गाव सापडत नाही. शेवटी दोन्ही नकाशे ठेवले आणि वर मतदारसंघ शोधायची चौकट दिली.

रंगांचा घोळ आणखी निराळा. दोन शिवसेना, दोन राष्ट्रवादी, त्यात भाजपचा भगवा. महायुतीतल्या तिघांना एकाच रंगाच्या छटा द्यायच्या की नाही, यावर डेस्कवर चांगलाच वाद झाला. साहजिकच आहे, छटा ठरल्या की लढत दुरंगी दिसणार की सहारंगी, तेही ठरतं. (आम्ही छटा दिल्या. मला अजून पटलेलं नाही.)

मतदानाच्या टक्केवारीत तर मी सरळ चुकलो. २०१९ ला सुमारे ६१, २०२४ ला ६६. फरक उठून दिसावा म्हणून उभा अक्ष ६० पासून सुरू केला. एक स्तंभ बोटभर, दुसरा सहा बोटं. डेस्कवरच्या ताई म्हणाल्या, "मतदान सहापट झालं काय रे?" स्तंभ शून्यापासूनच काढा. फरक बारीक दिसला तर आकडा स्तंभावर लिहा. आणि "पाच टक्क्यांनी वाढ" असा मथळा देऊ नका. ६१ चे ६६ झाले की वाढ आठ टक्क्यांची होते. "६१ वरून ६६ टक्के" लिहिलं की प्रश्नच मिटतो.

हो, आणि माउस नेल्यावर उमटणाऱ्या आकड्यांवर विसंबू नका. मामांच्या फोनला माउस नसतो.