ध्वनिमुद्रित कॉलमधील ग्राहकांची संवेदनशील माहिती कशी झाकावी

ग्राहक फोनवर कार्डाचा क्रमांक सांगतो, तो समोरच्या माणसावर विश्वास ठेवून. तो क्रमांक त्याच्याच आवाजात पुढे कित्येक महिने सर्व्हरवर पडून राहणार आहे, याची त्याला कल्पनाही नसते. त्यामुळे माहिती झाकण्याआधी, ती मुद्रित होणारच नाही अशी व्यवस्था शक्य तितकी करावी. कार्डांसाठीचे पीसीआय डीएसएस हे मानक तर व्यवहार मंजूर झाल्यावर सीव्हीव्ही (कार्डावरचा छोटा सुरक्षा क्रमांक) साठवूच देत नाही, एन्क्रिप्ट करूनही नाही. पैसे भरण्याची स्क्रीन उघडताच मुद्रण आपोआप थांबले पाहिजे. बटण दाबण्याचे काम प्रतिनिधीवर सोपवल्यास घाईच्या वेळी ते राहूनच जाते. ग्राहकाला क्रमांक कीपॅडवर दाबायला सांगणे अधिक चांगले, मात्र प्रत्येक कळीच्या आवाजात दोन ठरावीक कंप्रता असतात (‘१’ साठी ६९७ आणि १२०९ हर्ट्झ) आणि त्यांवरून अंक सहज ओळखता येतात, म्हणून ते आवाज मुद्रणापर्यंत पोहोचण्यापूर्वीच काढून टाकावेत.

आधीच साठवलेल्या कॉलसाठी प्रत्येक शब्दाची वेळ नोंदवणारे लिप्यंतर, म्हणजे बोलण्याचे लेखी रूप, करून घ्यावे. मराठी कॉलमध्ये खरी अडचण इथे येते. ग्राहक सोळा अंक सुटे सुटे सांगत नाही, तो म्हणतो, “त्रेपन्न, सव्वीस, डबल सात, झीरो चार”, मध्येच प्रतिनिधी “हं, पुढे?” म्हणतो, आणि उरलेले अंक इंग्रजीत येतात. सलग बारा किंवा सोळा अंक शोधणाऱ्या नियमाला यातले काहीही सापडत नाही. म्हणून आधी मराठी, हिंदी व इंग्रजी संख्याशब्दांचे अंकांत रूपांतर करावे, ‘डबल’, ‘ट्रिपल’ उलगडावेत, मधले हुंकार वगळून लागोपाठची वाक्ये जोडावीत आणि मगच शोध घ्यावा. कार्ड क्रमांक लून पद्धतीने आणि आधार क्रमांक व्हरहॉफ पद्धतीने (दोन्हींत अंकांवर ठरावीक गणित करून क्रमांक बरोबर आहे का ते पाहतात) तपासता येतो, परंतु तपासणीत न बसलेला क्रमांक उघडा सोडू नये, कारण यंत्राने एक अंक जरी चुकीचा ऐकला तरी लिप्यंतरातील क्रमांक खोटा ठरतो आणि आवाजात मात्र खराच राहतो. शंका असेल तेथे झाकावे, हेच माझे मत आहे.

सापडलेला भाग केवळ लिप्यंतरातून काढणे पुरेसे नाही. ध्वनिफितीतही तेवढ्या वेळेपुरती पूर्ण शांतता किंवा बीप भरावी, दोन्ही बाजूंना थोडी जागा अधिक धरावी. आवाज नुसता कमी केल्यास तो पुन्हा वाढवता येतो. ग्राहक आणि प्रतिनिधी वेगवेगळ्या चॅनेलवर असतील तर दोन्ही तपासावेत, कारण प्रतिनिधी खात्रीसाठी तोच क्रमांक पुन्हा वाचून दाखवतो. आधारचे पहिले आठ अंक झाकून शेवटचे चार ठेवता येतात. ओटीपी आणि पिन मात्र संपूर्ण पुसावेत.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, तेव्हा कॉलचा सारांश, प्रतिनिधीच्या टिपा आणि बॅकअप यांतही हाच शोध चालवावा. शेवटी काही कॉल मराठी जाणणाऱ्या माणसाने प्रत्यक्ष ऐकावेत, सुटलेले शब्दप्रयोग नियमांत भरावेत, आणि हे समाधानकारक झाल्यावरच मूळ फिती सर्व ठिकाणांहून नष्ट कराव्यात.