सारंगखेड्याच्या घोडेबाजारात बल्ल्यांबाहेरून फोटो काढताना: कॅमेरा, लेन्स आणि बाकीचं सामान कसं निवडावं

मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला, तापीकाठच्या सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा बाजार. मारवाडी, काठियावाडी, नुकरा असे जातिवंत घोडे लांबलांबून येतात. त्यांची दौड, रेवाल चाल (धक्का न बसणारी झपझप चाल) आणि ढोलाच्या तालावरचा नाच बघायला अख्खं खान्देश लोटतं, आणि आता निम्म्या लोकांच्या हातात कॅमेरा असतो. तरी घरी आल्यावर बहुतेकांच्या कार्डात सापडतं ते एवढंच: लांबवर एक ठिपक्याएवढा घोडा, पुढे चार लोकांच्या टोप्या आणि हललेले पाय.

यात कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलचा दोष क्वचितच असतो. प्रेक्षकाला मैदानात उतरता येत नाही, त्यामुळे उभं कुठे राहायचं आणि तिथून घोडा किती लांब असेल, यावरच सगळं ठरतं. म्हणून आधी जागा, मग लेन्स आणि सगळ्यात शेवटी कॅमेरा, या क्रमानं निवड करा.

आधी जागा आणि अंतर

स्पर्धांचं वेळापत्रक दरवर्षी वेगळं असतं, ते आधी विचारून घ्या. स्पर्धेच्या तासभर आधी मैदानावर पोचा आणि बल्ल्यांपासून घोडा धावणार त्या रेषेपर्यंतचं अंतर मोजा. मैदान मोकळं असेल तर सरळ पावलं टाका. साधारण माणसाचं पाऊल पाऊण मीटरचं, म्हणजे ४० मीटरला ५३ पावलं.

आता हिशोब. नाकापासून शेपटीपर्यंत घोडा सुमारे अडीच मीटर. त्याच्या पुढे-मागे थोडी मोकळी जागा ठेवायची तर फ्रेमची रुंदी चार मीटर धरा. साध्या डीएसएलआरमध्ये असतो तो एपीएस-सी सेन्सर (चित्र टिपणारी चकती) असेल, तर अंतराच्या मीटरला ६ ने गुणा, तेवढ्या मिलिमीटरची लेन्स लागते. त्याहून मोठा फुल फ्रेम सेन्सर असेल तर ९ ने गुणा. म्हणजे २० मीटरवर एपीएस-सीला १२० मिमी पुरते, ४० मीटरवर २४० लागते आणि ५० मीटरवर ३००. तेच ५० मीटर फुल फ्रेमवर ४५० मागतात. प्रेक्षकाला एपीएस-सी कॅमेरा कमीपणाचा तर नाहीच, उलट तो फायद्याचा आहे. कमी पैशात आणि कमी वजनात घोडा जवळ येतो.

कोणत्या बाजूला उभं राहायचं, हे अंतराइतकंच महत्त्वाचं. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य भर दुपारीसुद्धा क्षितिजापासून ४५ अंशांच्या आसपासच चढतो आणि दिवसभर दक्षिणेकडे राहतो. मैदानाच्या दक्षिण बाजूला उभे राहिलात तर ऊन तुमच्या पाठीवर आणि घोड्याच्या अंगावर पडतं. कातडीवरची चकाकी, मानेच्या शिरा, डोळ्यातला प्रकाशाचा ठिपका, सगळं दिसतं. उत्तरेकडून तोच घोडा काळा आकार होतो. सूर्य कलल्यावर मात्र उलट करून बघण्यासारखं आहे. उन्हाच्या समोरून घोडा आला की टापांची धूळ सोनेरी होते आणि आयाळीला उजेडाची कड येते.

लेन्स

दिवसाउजेडी दौडीसाठी २५० ते ३०० मिमीपर्यंत जाणारी झूम लेन्स बहुतेकांना पुरते. कॅनन ५५-२५० एसटीएम जेमतेम ३७५ ग्रॅमची आहे, निकॉनची एएफ-पी ७०-३०० व्हीआर ४१५ ग्रॅमची. दिवसभर गळ्यात अडकवली तरी मान धरत नाही. सिग्मा १५०-६०० कंटेम्पररी जवळपास दोन किलोची. ती घेऊन गर्दीत चार तास उभं राहायचं तर मोनोपॉड हवाच. ट्रायपॉड नेऊच नका. त्याचे तीन पाय पसरायला जागा मिळत नाही, आणि कोणी अडखळून पडलं तर बल्लीपलीकडे घोडा आहे हे विसरून चालणार नाही.

वापरलेली लेन्स घेत असाल तर इथेच बरेच लोक फसतात. निकॉनची एएफ-पी लेन्स डी९०, डी७०००, डी३१००, डी५१०० अशा जुन्या बॉडींवर (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यांवर) ऑटोफोकस करत नाही. उलट डी३४०० किंवा डी५६०० मध्ये फोकसची मोटर नाही, त्यामुळे जुनी एएफ-डी लेन्स त्यांच्यावर हातानंच फिरवावी लागते. शिवाय त्या ७०-३०० चे दोन प्रकार येतात, व्हीआर (हाताची थरथर सावरणारी सोय) असलेला आणि नसलेला. पैसे देण्याआधी लेन्सवरची अक्षरं वाचा. मग मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून लावून पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी, लेन्स परत ठेवा. स्वतःच्या बॉडीवर चढवून जवळचं आणि लांबचं असे दोन्ही फोकस तपासा, झूमच्या दोन्ही टोकांना एकेक फोटो काढा आणि ते मोठे करून बघा.

गावातल्या लग्नाच्या फोटोग्राफरकडे ७०-२०० एफ २.८ असते (एफचा आकडा जितका लहान, तितका जास्त उजेड लेन्स आत घेते) आणि ओळखीत भाड्यानं मिळते. पण मार्गशीर्षात लग्नाच्या तारखा असतात, तेव्हा महिनाभर आधी विचारा. ती मिळालीच तरी एपीएस-सीवर तिची पोच साधारण ३३ मीटर आहे, हे लक्षात ठेवून जागा धरा.

नाचाचं गणित वेगळं. रिंगण लहान असतं, लोक जवळ असतात आणि कार्यक्रम बऱ्याचदा अंधार पडल्यावर रंगतो. तिथे ५० किंवा ८५ मिमी एफ १.८ घ्या. एफ ५.६ च्या झूमपेक्षा ती जवळपास दहापट उजेड आत घेते. हॅलोजन आणि एलईडीच्या माळांखाली हाच फरक फोटो मिळणं आणि न मिळणं यातला असतो.

नुसता मोबाइल असेल तर दौडीचा नाद सोडा. मोबाइलचं पाचपट झूम म्हणजे फुल फ्रेमच्या हिशोबानं १२० मिमीच्या आसपास, ते १३ मीटरपर्यंतच पुरतं. पण बाजारात बांधलेले घोडे, नाल ठोकणारे हात, गोंडे-घुंगरांची दुकानं यासाठी मोबाइल उत्तम आहे.

बॉडीत काय बघायचं

सेकंदाला ५ फोटो काढणारी बॉडी पुरेशी आहे. ३ वाल्या बॉडीवरही जमतं, फक्त क्षण आधी ओळखावा लागतो. मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) असेल तर इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल लावा. स्वस्त सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीनं वाचतो, तेवढ्यात पाय पुढे गेलेले असतात आणि सरळ पाय तिरके, वाकडे येतात. बॅटऱ्या दोन ठेवा. डी५६०० ची बॅटरी कागदावर ९७० फोटो देते, बहुतेक मिररलेस ३०० ते ५०० वर थांबतात. पहाटेच्या थंडीत हा आकडा आणखी घसरतो, म्हणून जादा बॅटरी स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवा. कार्ड व्ही३० दर्जाचं (हा आकडा लिहिण्याच्या वेगाचा) घ्या आणि १२८ जीबीच्या एका कार्डापेक्षा ६४ जीबीची दोन बरी.

सेटिंग, घरून निघण्याआधीच

भरधाव घोडा सेकंदाला साधारण १२ मीटर जातो. १/५०० सेकंदाच्या शटरमध्ये तो अडीच सेंटिमीटर सरकलेला असतो, आणि पुढे फेकलेला खूर त्याच्या जवळपास दुप्पट. म्हणून तोंड स्पष्ट आणि पाय पुसट येतात. दौडीला १/२००० ठेवा, रेवाल चालीला १/१००० पुरतं. नाचात घोडा पुढचे पाय उचलून क्षणभर वर थांबतो. तो थांबा पकडलात तर १/५०० वरही फोटो धारदार येतो.

भर दुपारी आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ४०० आणि एफ ५.६ वर १/२००० सहज मिळतं. साडेचारनंतर आयएसओ १६०० करा. सूर्य सहाच्या आत मावळतो आणि मग उजेड झपाट्यानं पडतो. तेव्हा ३२०० ते ६४०० ला घाबरू नका. दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला नाही. रात्री एलईडीखाली काही फोटो पिवळे आणि काही काळपट आले तर दिवा बदलला असं समजू नका. ५० हर्ट्झच्या विजेवर उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा, नसेल तर शटर १/१०० ठेवा आणि घोडा थांबल्यावरच बटण दाबा.

फोकस सतत चालणारा ठेवा, निकॉनमध्ये एएफ-सी, कॅननमध्ये एआय सर्वो. फोकसचे सगळे बिंदू चालू ठेवलेत तर कॅमेरा समोरची दोरी किंवा पुढच्या माणसाचं डोकं पकडतो. मधला एक बिंदू किंवा लहान गट निवडा आणि तो घोड्याच्या खांद्यावर धरा.

पांढरा नुकरा आणि काळा घोडा कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला हमखास चकवतात. नुकऱ्यानं फ्रेम भरली की कॅमेरा त्याला राखाडी करतो, तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सोय) +०.७ द्या. तोच नुकरा काळ्या जमिनीवर लहान दिसत असेल तर कॅमेरा जमीन उजळायला जातो आणि घोड्याचा सगळा पोत उडतो, तिथे −०.७. काळ्या घोड्याला याच्या उलट. दोन फोटो काढून स्क्रीनवर पांढरा भाग लुकलुकतोय का, म्हणजे गरजेपेक्षा उजळ झालाय का, ते बघा.

सरावाला घोडा लागत नाही. गावाबाहेरच्या रस्त्याकडेला सुरक्षित उभं राहून ताशी ४० च्या वेगानं जाणाऱ्या मोटारसायकली टिपा. वेग घोड्याएवढाच, लांबी थोडी कमी. कंबरेतून वळत, बटण दाबल्यानंतरही कॅमेरा फिरवत राहायचं. १/१०० वर गाडी स्पष्ट आणि मागचं शेत पुसट यायला लागलं की हात तयार झाला.

क्षण कोणता?

धावत्या घोड्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात का, हा वाद १८७८ मध्ये फोटोग्राफर मायब्रिजनं अमेरिकेतल्या पालो आल्टोला ओळीनं कॅमेरे लावून मिटवला. पाय सुटतात, पण चित्रकार काढत तसे पुढे-मागे ताणलेले असताना नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असताना. तीच वेळ धरा. दुसरी खूण कानांची. मारवाडी घोड्याच्या कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडतात, त्याची सगळी शान तिथे आहे. कान मागे पडलेले असले की घोडा रागावलेला, फोटोही पडका येतो. कान पुढे रोखलेले असताना बटण दाबा आणि वर जागा सोडा. कान कापलेला फोटो घोड्याच्या मालकाला दाखवूसुद्धा नका.

धूळ

इथली धूळ पिठासारखी बारीक आहे आणि ती सामानाचा खरा घात करते. मैदानावर लेन्स बदलायची नाही, हा नियमच करा. सकाळी चढवलेली लेन्स संध्याकाळी गाडीत बसून, काचा लावून उतरवा. बाहेर सरकणारी झूम लेन्स दर वेळी हवेसोबत धूळ आत ओढते, म्हणून सारखं आत-बाहेर करू नका. जाड पॉलिथिनच्या पिशवीला लेन्सच्या तोंडाएवढं भोक पाडा, कॅमेऱ्यावर चढवा, हूडभोवती (लेन्सच्या तोंडावरच्या कड्याभोवती) रबरबँड लावा. दहा रुपयांत काम होतं. काचेवर धूळ बसली तर रुमालानं किंवा उपरण्यानं पुसू नका. धुळीतले वाळूचे कण काचेवर चरे पाडतात. आधी रबरी ब्लोअरनं उडवा, मग मऊ ब्रश आणि शेवटी मायक्रोफायबर.

घोड्याजवळ

फ्लॅश बंद, कायमचा. फोकसला मदत करणारा छोटा दिवासुद्धा मेनूत जाऊन बंद करा. बुजलेला घोडा बल्ली तोडतो आणि पुढे लहान मुलं बसलेली असतात. बाजारात बांधलेल्या घोड्याच्या मागून जाऊ नका. अगाडी-पिछाडी (घोड्याला पुढून-मागून बांधलेले दोर) लावलेली असली तरी तीन मीटर लांबून वळसा घ्या. त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, पण शेपटीच्या थेट मागचं नाही, आणि न दिसलेल्या चाहुलीला तो लाथेनंच उत्तर देतो. खांद्याच्या बाजूनं, मालकाच्या नजरेत राहून जा आणि आधी विचारा, ‘भाऊ, घोडाना एक फोटू काढू का?’ बहुतेक जण स्वतःच लगाम धरून मान वर करून देतात. फोटो झाल्यावर त्यांचा मोबाइल नंबर घ्या आणि फोटो नक्की पाठवा.