विमान रखडलं म्हणून भरपाई मागताय? आधी या चुका टाळा

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी मी मुंबईच्या विमानतळावर अडकलो होतो. गोव्यातल्या मोप्याचं साडेपाचचं विमान. बोर्डावर आधी साडेसहा आले, मग पावणेआठ, मग साडेनऊ. शेवटी उडालो तेव्हा अकराला दहा कमी होते. कुडाळला घरी पोचलो तर सगळी निजानीज झालेली, गणपतीवरची माटवी, म्हणजे फळंपानं टांगायची चौकट, भाच्याने एकट्याने बांधून टाकलेली.

पूजा आटोपल्यावर रागाच्या भरात विमान कंपनीला लांबलचक ईमेल लिहिला. मानसिक त्रास, सणाचा विरस, पन्नास हजार रुपये द्या. उत्तर दोन ओळींचं आलं: आपल्याला अल्पोपाहार दिला होता, उशिरासाठी रोख भरपाई देय नाही. चरफडलो. मग नियम काढून वाचले आणि कळलं की कंपनीचं बरोबर होतं. चुकीची गोष्ट मागत होतो मी.

उशीर वेगळा, रद्द वेगळं

नव्वद टक्के गोंधळ इथेच होतो असं माझं मत. आपल्या देशात प्रवाशांच्या हक्कांचा नियम विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा आहे. कागदोपत्री त्याचं नाव 'सीएआर, सेक्शन ३, सीरिज एम, पार्ट ४'. तक्रारीत हे नाव जसंच्या तसं लिहा, समोरच्याचा सूर बदलतो.

या नियमात नुसत्या उशिरासाठी रोख पैसे नाहीत. अडीच तासांपर्यंतचा प्रवास असेल, म्हणजे आपलं मुंबई-गोवा किंवा पुणे-चिपी (सिंधुदुर्ग), तर दोन तास किंवा त्याहून जास्त उशिराला खाणंपिणं मिळतं. देशांतर्गत विमान सहा तासांहून जास्त रखडणार असेल तर सहा तासांच्या आतलं दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं एक निवडता येतं. हॉटेलची खोली मिळते ती उशीर चोवीस तासांहून जास्त असेल तेव्हा, किंवा विमान मुळात रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यान सुटणारं असून सहा तासांहून जास्त रखडलं तेव्हा. माझा उशीर पाच तास वीस मिनिटांचा. म्हणजे सँडविच आणि फ्रूटीचा डबा एवढाच काय तो माझा हक्क.

रोख भरपाई आहे ती विमान रद्द झालं आणि तुम्हाला वेळेत कळवलं नाही तर. दोन आठवडे आधी कळवलं तर दुसरं विमान किंवा परतावा. त्यानंतर, पण चोवीस तासांच्या आधी कळवलं तर मूळ वेळेच्या दोन तासांच्या आत सुटणारं विमान किंवा परतावा. हेही पाळलं नाही तर तिकिटाच्या पैशांशिवाय वर भरपाई: तासाभरापर्यंतच्या प्रवासाला ५,०००, एक ते दोन तासांना ७,५००, त्यापुढे १०,००० रुपये.

मात्र 'किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल ते' हे शेपूट त्याला जोडलेलं आहे. मुंबई-गोवा वेळापत्रकात सव्वा तासाच्या आसपासचं, म्हणजे ७,५०० च्या रांगेतलं. पण तुमच्या ६,४०० च्या तिकिटात मूळ भाडं आणि इंधन मिळून ४,८५० असतील तर हातात ४,८५०च पडणार. तिकिटावरची ही फोड बघून तेवढाच आकडा मागा. मी पन्नास हजार मागितले आणि माझा अर्ज कोणी गांभीर्याने घेतलाच नाही.

एजंटाचा नंबर

आमच्या दादाचं विमान खरोखरच रद्द झालं होतं. सकाळी सहाला काउंटरवर गेला तेव्हा कळलं. भरपाई मागितली तर कंपनी म्हणाली, पाच दिवस आधीच कळवलंय.

"माका खंय इलो मेसेज?" दादा तिथेच ओरडला.

मेसेज आला होता, पण कुडाळ बाजारातल्या एजंटाकडे. झेरॉक्स, पॅनकार्ड, रेल्वे, विमान, सगळं एकाच टेबलावर. गणपतीच्या गर्दीत सगळ्या तिकिटांवर त्याने स्वतःचाच मोबाईल टाकलेला. त्याने फोन काढून दाखवला, तर न वाचलेल्या मेसेजची ही रांग, त्यात दादाचा पीएनआर कुठेतरी मधोमध.

नियम सांगतो की संपर्काचा तपशील नीट दिला नसेल तर भरपाई नाही. तिकीट एजंटाने काढू दे नाहीतर मुंबईच्या पुतण्याने, प्रवास करणाऱ्याचाच मोबाईल आणि ईमेल त्यावर हवा. तिकीट आधीच काढून झालं असेल तर कंपनीच्या वेबसाइटवर पीएनआर टाकून नंबर बदलता येतो का ते बघा, नाहीतर फोन करून बदलून घ्या. दुसरं, परताव्यासाठी एजंटाच्या मागे फिरत बसू नका. एजंट हा कंपनीचाच प्रतिनिधी, त्यामुळे पैसे परत करण्याची जबाबदारी कंपनीची असते.

"पावसामुळे" हे उत्तर ऐकून गप्प बसणं

खराब हवामान, हवाई नियंत्रण, पूर, संप, सुरक्षेचा धोका ही कारणं असतील तर भरपाई मिळत नाही. आपल्याकडे आषाढ-श्रावणात सड्यावरच्या धावपट्टीवर ढग उतरले की विमान घिरट्या घालून परत जातं, त्यात कंपनीचा दोष नसतो. खाण्यापिण्याच्या बाबतीतही कंपनी हेच कारण पुढे करू शकते. तरी मागावं, बरेचदा देतात. पण विमान रद्दच झालं तर पावसातसुद्धा तिकिटाचे पैसे परत मिळतात.

अडचण अशी की पाऊस हे सोयीचं कारण आहे. विमानात बिघाड झाला, वैमानिकांची ड्युटी संपली, तरी तोंडी उत्तर "वेदर" असंच येऊ शकतं. तेव्हा बोर्डाचा फोटो काढा. त्याच तासात त्याच गावाला दुसऱ्या कंपनीची विमानं जात असतील तर तो फोटो बोलका असतो. काउंटरवर कारण लेखी मागा. देत नसतील तर तिथूनच कंपनीला ईमेल करा: "आत्ता इतके वाजता आम्हाला अमुक कारण सांगण्यात आलं." वेळेची नोंद आपोआप होते.

घाईत परतावा घेणं

सहा तासांच्या उशिराला "पैसे परत घेता का?" असं गोड विचारतात. हो म्हटलंत की तुमचा आणि कंपनीचा संबंध तिथेच संपतो. गणपतीच्या तोंडावर दुसरं तिकीट काय भावाने मिळणार ते आधी फोनवर बघा, मगच बटण दाबा. व्हाउचरचंही तसंच. ते तुमच्या संमतीनेच देता येतं. वर्षातून एकदा गावाला येणाऱ्याने ते घेऊन करायचं काय?

गोवा म्हणजे नेमकं कुठे

मोप्याचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू आहे आणि दाबोळीही चालूच आहे. तिकिटावर जीओएक्स असेल तर मोपा, जीओआय असेल तर दाबोळी. सावंतवाडीहून दाबोळीला गेलेली आणि विमान मोप्यावर असलेली माणसं मी पाहिलीत. तिथे भरपाईचा प्रश्नच येत नाही. जागा भरल्या म्हणून चढू न देण्याची भरपाई मोठी असते: तासाभरात दुसरं विमान दिलं तर काही नाही, २४ तासांच्या आतलं दिलं तर मूळ भाडं आणि इंधन शुल्काच्या दुप्पट, कमाल १०,०००, त्यानंतरचं दिलं तर चौपट, कमाल २०,०००. पण त्यासाठी तुम्ही वेळेत, योग्य विमानतळावर हजर असायला हवं.

आखातातून येणाऱ्यांना एकच सांगणं. दुबई-मुंबई आणि मुंबई-गोवा अशी दोन वेगळी तिकिटं काढली असतील आणि पहिलं विमान रखडल्यामुळे दुसरं चुकलं, तर दुसऱ्या कंपनीला त्याचं काही देणंघेणं नसतं. होता होईतो एकाच पीएनआरवर काढा. ब्रिटनमधून येणाऱ्यांचं नशीब जरा बरं. तिथून निघणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या ३,५०० किलोमीटरहून लांबच्या विमानाला कंपनीच्या चुकीने चार तास किंवा जास्त उशीर झाला तर ५२० पौंड मागता येतात. मात्र परतीला गोव्याहून भारतीय कंपनीने गेलात तर तो कायदा लागू होत नाही.

तक्रार कुठे आणि कशी

फेसबुकवर शिव्या घालून काही होत नाही, ते मीही करून बघितलं. आधी कंपनीच्या नोडल ऑफिसरला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याला लिहा, दाद मिळाली नाही तर तिच्याच अपील अधिकाऱ्याला. मग सरकारचं एअरसेवा पोर्टल, किंवा ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही काही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनीचं ऑफिस दिल्लीत असो नाहीतर गुरुग्रामला, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे आम्ही सिंधुदुर्गवाल्यांनी ओरोसला जायचं, रत्नागिरीकरांनी रत्नागिरीत. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची.

अर्ज एका पानाचा ठेवा: पीएनआर, विमान क्रमांक, तारीख, ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ, सांगितलेलं कारण, नियमाचं नाव, मागितलेली नेमकी रक्कम. सोबत बोर्डिंग पास, मेसेजचे स्क्रीनशॉट, टॅक्सी-जेवणाची बिलं. मी बोर्डिंग पास मोप्याच्या बाहेर कचऱ्याच्या डब्यात टाकला होता. आणि बँक खात्याचा तपशील पहिल्याच ईमेलमध्ये जोडा, नाहीतर तो मागण्यातच पंधरा दिवस जातात.