वाळ्याच्या मुळ्या काढल्यावर

बांधावरचा वाळा मुळ्यांसाठी कधीच उपटू नका, बांध ढासळतो. मी परसात वेगळा वाफा केला आहे, वाळूमिश्रित मातीचा, कारण भारी काळ्या मातीत मुळ्या तुटतात. दीड वर्ष झालं की थंडीत ठोंब उचलते आणि फुटवे त्याच दिवशी परत लावते. मुळ्या माती सुटेपर्यंत धुवा आणि सावलीत वाळवा, कडक उन्हात वास उडतो.

माठासाठी बोटभर जाड जुडी सुती दोऱ्याने बांधा. दोन-तीन दिवसांनी ती काढून वाळवायलाच हवी, नाहीतर बुरशी धरते.

सरबतासाठी मूठभर मुळ्या लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी उकळून फडक्यातून गाळा, साखर घालून पाक करा. रंग फिकट मातकट येतो. तोच खरा, हिरवा रंग घालू नका, गिऱ्हाइकाला समजावून सांगा.

तेलाची भट्टी मात्र घरी मांडू नका. शंभर किलो सुक्या मुळ्यांतून जेमतेम किलो-दीड किलो तेल निघतं, तेही अठरा-वीस तास वाफ दिल्यावर. त्यापेक्षा जुड्या आणि खिडकीचे पडदे विका. मार्चपासून मागणी असते. पाती गोठा शाकारायला वापरा.